भांडणाला अनुदान

"शेवटचं भांडण कधी झालं?"

आमच्या ऑफिसात कोणी मदत मागायला आलं की नाना पाण्याचा ग्लास पुढे करायचे आणि हा प्रश्न विचारायचे. समोरचा माणूस बिचारा फाइल छातीशी धरून आलेला असायचा. संस्थेचं नाव, उद्दिष्टं, सगळं पाठ करून आलेला. त्याला वाटायचं, हे माझ्या बायकोबद्दल विचारतायत. एकानं तर खरंच सांगायला सुरुवात केली होती. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते झालं घरचं. आता संस्थेतलं सांगा."

आमचं ऑफिस म्हणजे जळगावातल्या एका डाळमिलवाल्या शेठजींचं फाउंडेशन. शेठजींचं घराणं पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. मंडळी दानशूर. धर्मशाळा झाली, पाणपोया झाल्या, डोळ्यांची शिबिरं झाली. मग थोरल्या शेठजींच्या डोक्यात आलं की आता लोकांना बोलतं करायचं. गावसभा नीट भरवणारे गट, वॉर्डातले प्रश्न विचारणारी मंडळं, माहितीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवणारे लोक, अशांना पैसे द्यायचे. त्यांचे सगे म्हणाले, शेठ, डोकं फिरलं का? शेठजी म्हणायचे, "आमच्या धंद्यात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. शेतकऱ्याला कळायचंच नाही. लिलाव उघड्यावर आला तेव्हा खरा भाव फुटला. गावाचा कारभार अजून रुमालाखाली चाललाय." एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. हे काम बघायला त्यांनी नानांना आणलं, आणि नानांनी मला.

नाना हयातभर अमळनेरकडच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. त्या विषयाची जी काय किंमत असते ती तुम्हाला माहीतच आहे. इतिहासाच्या शेपटाला बांधलेले वीस मार्क. "पोरी, अख्खा देश वीस मार्कांत उरकतात!" असं ते इतक्या तळमळीनं म्हणायचे की मला हसू आवरायचं नाही. मी वरणगावची. वडील फॅक्टरीत कामाला, त्यामुळे भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं अशा घरातली. समाजकार्याची पदवी घेऊन नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, एसी ऑफिस असेल, कॉम्प्युटर असेल. होता एक कॉम्प्युटर. नाना त्याच्यावर टोपी ठेवायचे.

माझ्या मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, "तू मोठ्या माणसाला नाही म्हणू शकतेस का?"

मी म्हटलं, "हो."

"मग म्हण मला. आता मी तुला सांगतो, उद्यापासून कामाला ये."

मी म्हटलं, "नाही. सोमवारपासून येईन."

झाली निवड! पुढं सगळी वर्षं त्यांनी मला पोरी म्हणून हाक मारली. फक्त चिडले की 'मॅडम'. "मॅडम, जरा इकडे येता का?" असं ऐकू आलं की मी ओळखायचे, आज काही खरं नाही.

भांडणाचा प्रश्न त्यांना कुठून सुचला कोण जाणे. पण त्यावर त्यांची श्रद्धा होती. धुळ्याहून एकदा एका संस्थेचे अध्यक्ष आले होते. पांढरेशुभ्र कपडे, सोबत दोन माणसं, एकाच्या हातात प्रोजेक्टर. भिंतीवर चित्रं दाखवून झाली. नानांनी ठरलेला प्रश्न टाकला. अध्यक्ष अभिमानानं म्हणाले, "आमच्या संस्थेत आजवर एकदाही मतभेद झाला नाही."

नानांनी चष्मा काढला. "एकदाही?"

"एकदाही नाही."

"अरे अरे," नाना म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं, "म्हणजे बाकीच्यांना तुम्ही तोंडच उघडू दिलं नाही."

मागे उभ्या प्रोजेक्टरवाल्याला खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला कळलं, नानांना कळलं आणि अध्यक्षांनाही कळलं असावं, कारण ते चहा न घेता उठले. नानांनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं आणि वर येऊन मला म्हणाले, "त्या प्रोजेक्टरवाल्याचा नंबर घे. त्यानं वेगळं काही काढलं तर त्याला देऊ." मला वाटलं गंमत करतायत. वर्षभरानं त्या माणसानं खरंच धुळ्यात आपल्या वॉर्डाचं मंडळ काढलं, आणि आम्ही त्याला खरंच पैसे दिले.

सत्कार या प्रकाराचा त्यांना भयंकर राग. आता आपल्याकडे पाहुणा आला की शाल, श्रीफळ, हार हे ठरलेलंच. लोक प्रेमानं करतात हो. पण नानांचा नियम होता की ज्यानं सत्कार केला त्याचा निधी एक महिना उशिरा. गावोगाव ही बातमी पसरली. तरी नशिराबादच्या एका मंडळानं न राहवून नारळ दिलाच. नानांनी तो तिथंच पायरीवर फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं, शाल पहिल्या रांगेत कुडकुडत बसलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर टाकली, आणि हार? हार माझ्या गळ्यात! मी नव्या साडीत, ओल्या झेंडूचे डाग पडलेली, दिवसभर तशीच हिंडले. संध्याकाळी बोलले त्यांना चार शब्द. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "छान बोललीस. हे मीटिंगमध्ये का बोलत नाहीस?"

पण आमच्या वार्षिक हिशेबाची गंमत औरच होती. दुसरीकडे पैसे देणारे घेणाऱ्याला मार्क देतात. नानांनी उलटं केलं. थंडी पडली की शेठजींच्या मळ्यात भरीत पार्टी. ज्या ज्या गटांना आम्ही मदत करायचो ते सगळे यायचे आणि फाउंडेशनचं काय चुकतंय ते आम्हाला तोंडावर सांगायचे. खानदेशातली भरीत पार्टी ज्यानं पाहिली नाही त्याला मी काय सांगू? कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात ही मोठमोठी हिरवी वांगी, लसूण-मिरचीचा ठसका, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पहिल्या वर्षी सगळे आले, रांगेत बसले आणि एकामागून एक उठून म्हणाले, फाउंडेशन म्हणजे देवमाणसं, नाना म्हणजे आमचे बाप. इकडे भरीत तयार. वास असा सुटलेला की माणूस वेडा व्हावा. वाढपी पातेलं घेऊन निघाला तर नाना आडवे!

"एक तरी खरी तक्रार आल्याशिवाय पान वाढायचं नाही."

लोक हसले. नाना हसले नाहीत. दहा मिनिटं गेली, वीस गेली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी मनात म्हणत होते, अरे कोणीतरी शिव्या घाला या माणसाला, मीच घालू का? शेवटी चाळीसगावचा एक फळवाला, तिथल्या फेरीवाल्यांच्या गटाचा, उठून उभा राहिला आणि अहिराणीत म्हणाला, "नाना, राग येऊ देऊ नका. तुम्ही आमले बोलतं कराले येतस, आनी सोताच बोलतस."

मग मागून एक बाई फिसकन हसली, आणि मग जी काय हशाची लाट उठली! नाना कान लाल करून उभे. मग वाढप्याकडं वळून ओरडले, "वाढ रे बाबा, वाढ! याला आधी वाढ!" त्यानंतर तक्रारींचा असा पाऊस पडला की हात धुवेपर्यंत अंधार पडला. पुढचे काही महिने नाना सभेत गेले की तोंडात सुपारी धरून बसायचे, म्हणजे बोलता येऊ नये. सुपारी संपली की पुन्हा सुरू.

थोरले शेठजी गेले आणि सगळा कारभार धाकट्या शेठकडे आला. माणूस चांगला. आम्हाला कधी उलट शब्द बोलला नाही. पण त्याला आमचं काम समजत नव्हतं, आणि ते तो प्रामाणिकपणे कबूल करायचा. "नाना, डोळ्यांच्या शिबिराचा फोटो येतो. हिरवी पट्टी बांधलेले लोक रांगेत बसतात. लोकशाहीचा फोटो कसा काढायचा?" शिवाय त्याला वडिलांच्या नावानं काहीतरी उभं करायचं होतं. मुलगा आहे, वाटणारच. वडिलांचं नाव असलेली एक पाटी त्याला हवी होती. एक दिवस तो म्हणाला, पारोळ्याच्या पुढं आपला बायकांचा गट आहे त्या गावात आपण सभागृह बांधून देऊ. मात्र दोन्ही जमणार नाही. सभागृह द्यायचं तर तिथल्या बायकांच्या गटाचे पैसे थांबतील. आणि तिथं जमलं तर पुढे सगळीकडे तसंच करू.

नानांचं तोंड उतरलं. कारण तो गट म्हणजे त्यांचा जीव होता.

त्या गावात महिलांची ग्रामसभा व्हायची, पण कशी? शिपाई सह्यांचं रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा. सभा गावभर हिंडायची आणि बायका चुलीपाशी. ते बंद करून बायकांना खरोखर एका जागी आणणारी बाई म्हणजे अक्का. कपाशी वेचणारी, एका शब्दाला दोन शब्द परत करणारी. आमच्या पैशातून अक्का आणि आणखी एक बाई वस्त्यांवर फिरायच्या, बायकांना सभेचे विषय आधी समजावून सांगायच्या, पंचायत समितीत पाठपुरावा करायच्या. त्यांच्यामुळे रेशन दुकान कधी उघडणार याची पाटी लागली, शाळेत मुलींचा संडास झाला. पैसे थांबले असते तर अक्का परत रोजंदारीवर गेली असती आणि रजिस्टर परत घरोघर फिरलं असतं. अक्काला हे माहीत होतं. आम्हालाही.

नाना धाकट्या शेठला एवढंच म्हणाले, "सभागृह हवं की काम हवं, हे त्या बायकांनाच विचारू. तुम्ही या, मी येतो, ही पोरगी येईल." शेठ हो म्हणाला. नानांना खात्री होती की बायका सभागृह धुडकावून लावतील. गाडीत बसल्यापासून ते गुणगुणत होते.

मारुतीच्या पारापाशी सभा बसली. अध्यक्ष अक्का. शेठनं आपलं म्हणणं नम्रपणे मांडलं, आणि जे भांडण जुंपलं ते विचारू नका! मोठी माय म्हणून एक म्हातारी होती, गटातली सगळ्यात जुनी. ती उठली आणि म्हणाली, "माले हॉल पाहिजे. मना गुडघा दुखस. उन्हात बसावं लागस, पाऊस उना का सभा बंद." तिच्या बाजूनं टाळ्या पडल्या. अक्काच्या बाजूची एक बाई ओरडली, "आनी किल्ली कोनाकडे राही? सरपंचाच्या घरी! व्यायामशाळेत कडबा भरलाय तसा इथंही भरतील." तिकडून उत्तर आलं, "तू बस खाली, तुझ्या घरावर स्लॅब आहे!" घराघरातलं सगळं बाहेर निघालं. शेठ घाबरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या शेजारी बसून आपलं हसत होते, मनातून मात्र हादरले होते. कारण मोठी माय खोटं बोलत नव्हती. नाना मागे पाराला टेकून बसलेले. त्यांची सुपारी केव्हाच संपली होती, पण ते गप्प होते. त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण हरू शकतो.

शेवटी हात वर करायची वेळ आली. आधी सभागृह हवं म्हणणाऱ्या. अक्कानं स्वतः फिरून मोजलं. मग नको म्हणणाऱ्या. परत मोजलं. नको म्हणणारा एक हात जास्त भरला.

एकच हात! अक्काच्या बाजूच्या बायकांनी असा गलका केला की माझ्याही तोंडून 'हुश्श' निघून गेलं. अक्काचा चेहरा नुसता उजळला. मोठी माय म्हणाली, परत मोज. अक्का म्हणाली, मोजते. हात पुन्हा वर झाले. ती रांगारांगांतून मोजत मागे गेली, पारापाशी पोचली आणि थांबली.

"हाऊ हात कोना शे?"

नानांचा होता. सगळ्या बायकांच्या मागे, ताठ वर. त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. आपल्या हाताकडे असे बघत राहिले की जणू तो कोणीतरी शेजाऱ्यानं तिथं ठेवलाय.

मी अक्काकडे बघत होते. तिचं काम, तिचे दोन पैसे, तिची सभा, सगळं त्या एका हातावर टेकलेलं होतं आणि तो हात तिनंच पकडला होता. तोवर बाकी कोणी पाहिला नव्हता. ती न विचारता पुढे निघून गेली असती तरी चाललं असतं.

"नाना," ती म्हणाली, "हात खाले करा. तुमनं मत या गावमा नही."

नानांनी हात खाली घेतला. आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. नोंदी लिहायला बसलेल्या ग्रामसेवकानं अक्काच्या कानात सांगितलं की समान झालं तर अध्यक्षाला आणखी एक मत असतं. अक्कानं मान हलवली. "मी एकदा हात वर केला. दोनदा नाही करणार. पुढच्या महिन्यात परत बसू." आणि सभा उठली.

आम्ही परतीला निघालो. पारोळा मागे पडल्यावर शेठ म्हणाला, "नाना, ती बाई आपल्याच पैशावर काम करते ना?"

"हो."

"आणि तो हात तिच्याच फायद्याचा होता."

"हो."

"आणि तुम्हाला तिनं सगळ्यांदेखत…"

"शेठ, माझं चुकलं," नाना म्हणाले. "फार चुकलं हो माझं. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं आणि स्वतःच…" डोळे भरून आलेले, आणि तोंडावर मात्र असं काही हसू, की माझ्या लग्नात माझ्या वडिलांचंही तसं नव्हतं. मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

शेठनं ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली, आम्हाला उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात मीही येतो. त्यांचं ठरू द्या."

त्या महिनाभरात नाना एकदाही त्या गावाला गेले नाहीत. मलाही जाऊ दिलं नाही. "आपण गेलो की आपला हात वर जातो," म्हणायचे, आणि ऑफिसात येरझारा घालून माझं डोकं उठवायचे. तिकडे अक्का मात्र रोज संध्याकाळी मोठ्या मायच्या ओट्यावर जात होती. भांडत होती. जेवत होती. परत भांडत होती.

दुसरी सभा शाळेच्या वर्गात भरली. रविवारी शाळा रिकामी असते, बाकं असतात, डोक्यावर छप्पर असतं, आणि किल्ली मुख्याध्यापिकेकडे असते, सरपंचांकडे नाही. हे मोठ्या मायनं सुचवलेलं आणि अक्कानं मान्य केलेलं. खरं तर सभा पारावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानांवर पडेल अशी व्हावी हा नानांचा हट्ट होता, आणि अक्का तो इतके दिवस सांभाळत आली होती. आता तो दोघींनी मिळून मोडला. नानांना विचारलंसुद्धा नाही.

शेठ पुढच्या छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. नाना शेवटच्या बाकावर. अक्कानं विषय वाचला. हात वर करायची वेळ आली आणि माझं मागे लक्ष गेलं. नानांनी दोन्ही तळहात मांडीखाली घातले होते आणि वर सगळा भार देऊन बसले होते, जणू हात सुटून पळतील. डोळे गच्च मिटलेले.

अक्कानं मोजलं. मोठ्या मायनं तिच्या मागे फिरून परत मोजलं. सभागृह नको, काम चालू ठेवा, असं म्हणणारे हात कितीतरी जास्त भरले. मोठ्या मायचा हातही त्यातच होता. शेठ उठून म्हणाला, "ठीक आहे. जसं तुमचं ठरलं तसं." गलका झाला, कोणीतरी चहाची किटली आणली. नाना अजून तसेच. डोळे मिटून, हातांवर बसून.

अक्का दोन कप घेऊन शेवटच्या बाकापाशी गेली.

"नाना, आते काढा हात. च्या उना."

नानांनी डोळे उघडले, हात बाहेर काढले आणि कप धरायला गेले, पण हातांना अशा मुंग्या आल्या होत्या की बोटं मिटेनात. अक्कानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या तोंडाला लावली.